चाक न काढता केलेली सर्व्हिसिंग

बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत शाफ्टवर चालणाऱ्या मोटारसायकलींचा मी सर्वांत मोठा जाणकार आहे. अशी मोटारसायकल या दोन जिल्ह्यांत, निदान माझ्या माहितीत, एकच आहे. तिच्या मालकीणबाई माझ्याकडे येतात म्हणून मी जाणकार. त्या उद्या दुसरीकडे गेल्या तर मी पुन्हा राजेश्वर गावचा एक निवृत्त बस-मेस्त्री, ज्याचा उजवा गुडघा दुखतो.

एकतीस वर्षं मी सरकारी बसच्या डेपोत काढली. इंजिनवाले मेस्त्री रुबाबात असायचे, कारण ते उभे राहून काम करतात. मी पोटाखालचा. पाठीवर झोपायचं, वर बघायचं, आणि तोंड मिटून ठेवायचं, कारण वरून तेल पडतं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक लांब लोखंडी दांडा बसच्या पोटाखाली फिरत असतो, तो शाफ्ट. मागं एका जाड लोखंडी पेटीत दोन दातेरी चाकं असतात, त्यांना आम्ही क्राऊन-पिनियन म्हणतो. दांडा गाडीच्या लांबीत फिरतो आणि चाकाला आडव्या आसावर फिरायचं असतं, तर तो काटकोनातला वळसा ही पेटी घडवून आणते. माझा सगळा जन्म त्या दांड्याखाली आणि त्या पेटीखाली गेला.

मोटारसायकलला बहुतेक ठिकाणी चेन असते. ती उघडी असते, तिला धूळ बसते, चिखल बसतो, ती सैल पडते, पॅन्टला डाग पाडते. काही थोड्या परदेशी गाड्यांना मात्र चेनच्या जागी बससारखा शाफ्ट असतो. तो मागच्या चाकाला धरणाऱ्या लोखंडी नळीत लपलेला असतो आणि चाकाजवळ नारळाएवढी डबी असते, तिच्यात छोटी क्राऊन-पिनियन. बाहेरून काही हलताना दिसत नाही. त्यामुळं लोकांची एक ठाम समजूत झाली आहे, की शाफ्टला काही करावं लागत नाही. ही समजूत आमच्या भागात पसरवण्यात माझा वाटा मोठा आहे.

डॉक्टरबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी हायवेच्या कडेला चहा पीत बसलो होतो. डॉ. सुजाता जनावरांच्या डॉक्टर. घर बिदरजवळच्या नौबादचं, नोकरी आळंद तालुक्यात, म्हणून दर शनिवारी आमच्या गावावरून बिदरला जायच्या. त्यांचे थोरले भाऊ आखातात नोकरीला होते. त्यांनी तिकडून येताना ही पाचशे सीसीची जुनी गाडी आणली, कागदपत्रं करून घेतली, दोन महिने चालवली आणि कंबर धरून बहिणीच्या हवाली केली. गाडीच्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही. पुढं जे झालं त्यात कंपनीची काही चूक नव्हती, आणि चूक ज्याची होती त्याचं नाव या लेखावर आहेच.

मी वाकून गाडीखाली बघितलं आणि म्हटलं, ही तर बसच आहे. बाई हसल्या. त्यांनी विचारलं, शाफ्टला काय काय करावं लागतं. मी कप खाली ठेवला. असं वाक्य माणसानं रिकाम्या हातानं म्हणावं.

"शाफ्टला काही करावं लागत न्हाई, बाई. म्हणून तर तो शाफ्ट."

बाईंनी मोबाइल काढला. त्यात त्या गाडीचं अख्खं इंग्रजी पुस्तक होतं. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या चार पानं वाचली आणि मराठीत मला सांगितली. मला इंग्रजी पान्यांवरच्या आकड्यांपुरतं येतं. मी प्रत्येक वाक्याला अशी मान हलवत होतो, जसं काही ते पुस्तक मीच लिहून दिलं होतं. करायचं बरंच होतं असं निघालं. डबीतलं तेल ठरावीक अंतरानंतर बदलायचं. शाफ्टच्या टोकांना ग्रीस लावायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे चाक जिथं डबीला जोडलं जातं तिथले दात.

हे दात काय ते सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांचीच आहे. चाक डबीला नटबोल्टनं बांधलेलं नसतं. डबीतून एक गोल तोंड बाहेर येतं, त्याच्यावर चहूबाजूंनी उभे दात असतात. चाकाच्या मध्यात तसल्याच खाचा असतात. चाक सरकवलं की दात खाचांत जाऊन बसतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून बघा, तसं. गाडी चालते तेव्हा ते एकमेकांवर कणभर घासत राहतात. मध्ये ग्रीस असेल तर वर्षानुवर्षं काही होत नाही. ग्रीस गेलं की कोरडे घासतात, गंजतात, गंजाची पूड होते, ती पूडच दातांना खाते. बाहेरून यातलं काहीही दिसत नाही. बघायचं तर चाक काढावं लागतं. दुसरा रस्ता नाही.

त्या दिवशी मी फक्त डबीचं तेल बदललं. तेवढंही सरळ केलं नाही. पुस्तकात होतं की गाडी डबल स्टँडवर सरळ उभी करा आणि भोकाच्या काठाला लागेल एवढंच तेल घाला. बसच्या पेटीत आम्ही लिटरांनी ओततो, आणि इथं तर चहाच्या दोन कपांत मावेल एवढंच तेल. मला ते बघून वाईट वाटलं. बाई फोनवर बोलत पलीकडं गेल्या तेव्हा मी गाडी साइड स्टँडवर कलती केली, भोक वर आलं, आणि अजून एक कपभर आत गेलं. कंजूषपणा मला डेपोतही कधी जमला नाही.

पुढच्या शनिवारी बाई आल्या तेव्हा मागच्या रिमला धूळ अशी चिकटली होती, जसे लाडवाला तीळ. डबी तापते, तेल फुगतं, त्याला आत जागा उरली नाही की ते तेल अडवणारं रबरी सील ढकलून बाहेर येतं. बाई म्हणाल्या की हुमनाबादच्या वळणावर मागचं चाक सरकलं. मी टायर दाबून बघितला आणि सांगितलं की रबर हलकं आहे. बाईंनी रिमवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं, आणि तेच बोट माझ्या नाकासमोर धरलं. गाई-म्हशींच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून काय बिघडलंय ते ओळखणारी ती बाई. तिला मी रबराचं सांगत होतो. सील मी पदरचं बदलून दिलं. तेल काठापर्यंत घातलं. त्या दिवसापासून बाई पुस्तक वाचायच्या आणि मी काम करायचो अशी आमची वाटणी ठरली.

दुसऱ्या वेळी आम्ही सगळं उघडलं. चाक काढलं, डबीचे चार नट सोडले, डबी शाफ्टसकट मागं ओढून घेतली. जुनं ग्रीस रॉकेलनं धुतलं. बाईंनी हैदराबादहून काळ्या ग्रीसची छोटी नळी मागवली होती. बसला लावतो ते पिवळं ग्रीस या दातांत टिकत नाही, दाबाखाली बाजूला सरतं. हे काळं दातांना धरून राहतं. हातालाही धरून राहतं. ते आठवडाभर जात नाही, आणि मी ते गावात मुद्दाम दाखवत फिरलो.

उघडणं सोपं होतं. परत बसवताना मात्र शाफ्टचं पुढचं टोक नळीच्या आत, जिथं नजर पोचत नाही तिथं, इंजिनाकडून येणाऱ्या जॉइंटच्या खाचांत गेलं पाहिजे. ते जाईना. मी डबी धरून पुढं ढकलत होतो, फिरवत होतो, पुन्हा ढकलत होतो. एक तास गेला, दोन गेले. बसचा शाफ्ट मी बघून बोल्टानं जोडायचो. हे आंधळं काम मला ठाऊकच नव्हतं. माझा सदरा भिजला. माझी बायको सुमन दारातून दोनदा बघून गेली. शेवटी बाई म्हणाल्या, "काका, डोळे मिटा. आमचा हात आत गेला की आम्ही बघतच न्हाई. बोटांनाच कळतंय."

मी डोळे मिटले. डबीचं तोंड हळूहळू फिरवत राहिलो. एका जागी ते थोडं अडलं, मग अलगद आत सरकलं. काय सांगू, बसची आख्खी पेटी उतरवून चढवल्यावर झाला नसता एवढा आनंद झाला. मी लगेच चार नट करकचून आवळायला घेतले तर बाईंनी हात धरला. पुस्तकात होतं की नट आधी हातानंच लावायचे, चाक घालायचं, आस आवळायचा, आणि मग नट. डबीला स्वतःची जागा शोधू द्यायची. आधीच आवळली तर ती किंचित तिरकी बसते आणि दात एकाच बाजूनं झिजतात. एकतीस वर्षं आवळत आलेल्या माणसाला सैल ठेवायला शिकणं जड गेलं, पण शिकलो. गावात मात्र मी सांगितलं की शाफ्ट मी डोळे मिटून बसवतो. खोटं नव्हतं. डोळे मिटायला कोणी सांगितलं एवढंच सांगायचं राहिलं.

तिसरी वेळ दसऱ्यानंतरची. बाईंच्या ऑफिसची लाळ-खुरकुताच्या लसीकरणाची धावपळ चालू होती. त्यांनी सकाळी गाडी माझ्याकडं सोडली, ऑफिसची जीप आली तिच्यात बसल्या, आणि जाताना सांगितलं की चाक काढून दात बघा, ग्रीस लावा, पावसाळ्यात गाडी नाल्यांच्या पाण्यातून गेलीय.

तेल मी बरोबर बदललं, काठापर्यंत, थेंबही जास्त नाही. मग चाकासमोर पाट घेऊन बसलो. गुडघा दुखत होता हे खरं आहे. पण खरं कारण गुडघा नव्हता. मागच्या वेळचे ते दोन तास मला आठवत होते, आणि यावेळी पुस्तक वाचायला कोणी नव्हतं. आपल्याकडून ते परत बसलंच नाही तर? संध्याकाळी बाई येतील, आणि गाडी अंगणात सुटी पडलेली असेल, आणि दोन जिल्ह्यांचा जाणकार तिच्याशेजारी बसलेला असेल. खरं तर दात बघायला डबी उतरवावीच लागत नाही, नुसतं चाक काढलं तरी पुरतं. ते तेव्हाही मला कळत होतं. पण माणसाला जे करायचं नसतं त्यासाठी तो मोठ्यातलं मोठं कारण जवळ ठेवतो.

मी गेअर टाकून चाक हातानं पुढं-मागं हलवून बघितलं. थोडं टक टक वाजलं. थोडं म्हणजे नको तेवढं. मी दुसऱ्यांदा हलवून बघितलं नाही. काळ्या ग्रीसची नळी काढली, बोटावर घेतलं, आणि चाक व डबी जिथं भेटतात तिथं बाहेरून कडेनं छान फिरवलं. मग फडक्यानं जादाचं पुसून घेतलं, म्हणजे आतून दाबून बाहेर आल्यासारखं दिसावं. एवढ्या मेहनतीत एखाद्यानं चाक काढलं असतं. सुमन दारात ज्वारी निवडत बसली होती.

संध्याकाळी बाईंनी विचारलं की दात कसे होते. मी म्हटलं, नव्यासारखे. न पाहिलेल्या दातांची एवढी खात्री मी आजवर कोणाला दिली नव्हती.

दीड महिन्यानं, तुरीची काढणी चालू होती तेव्हा, दुपारी बाईंचा फोन आला. त्या खजुरी गावाच्या अलीकडं तीन-चार किलोमीटरवर उभ्या होत्या. खजुरीत एक म्हैस विताना सकाळपासून अडली होती आणि त्या तिकडंच निघाल्या होत्या.

"काका, इंजिन चालू हाय, गेअर पडायलाय, पण गाडी जाईना. मागं नुसतं खरखर वाजायलंय."

इंजिन चालतं, गेअर पडतो, मागं खरखर वाजतं आणि चाक फिरत नाही. हे ऐकून पोटाखालच्या कुठल्याही मेस्त्रीला विचार करावा लागत नाही. दात गेले होते. डबी आत फिरत होती आणि चाकाला तिची पकड उरली नव्हती. मला हे बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं. त्यावर रस्त्यात उभं राहून करण्यासारखं काही नव्हतं. गाडी तिथंच टाकून मिळेल ते वाहन धरा, एवढं एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हटलं, "क्लचची वायर सैल झाली असंल. तुमच्याकडं दहाचा पाना हाय का?"

पाना होता. मी सगळं समजावून सांगितलं. रबर मागं सरकवा, छोटा नट सोडा, मोठा फिरवा, थोडं थोडं करत बघा, घाई करू नका. घाई करू नका असं मी म्हणालो. बाई म्हणाल्या, बरं, बघते. फोन ठेवला तेव्हा सुमन माझ्या मागं उभी होती.

"चाक काढलंच न्हाई तुम्ही त्या दिवशी," ती म्हणाली. "क्लच कामून सांगितलं?"

मी तिला सांगितलं की तुला त्यातलं कळत नाही. ती आत गेली. मी फोन हातात घेऊन बसलो. परत लावावा, सांगून टाकावं, असं वाटत होतं, आणि दर मिनिटाला ते अवघड होत होतं, कारण आता एकाऐवजी दोन गोष्टी सांगायच्या होत्या. वीस मिनिटांनी बाईंचाच फोन आला. क्लचनं काही झालं नाही, एक ट्रॅक्टर आलाय, त्याच्यावर बसून जाते, एवढं बोलून त्यांनी ठेवला. त्यांच्या मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहायला हवं.

तिसऱ्या दिवशी पिकअपमधून गाडी माझ्या शेडमध्ये आली, बरोबर बाई. मी म्हशीचं विचारलं. म्हैस वाचली, रेडकू गेलं. वगार होती, मादी, त्या म्हणाल्या. मग पाट ओढून चाकासमोर बसल्या आणि म्हणाल्या, काढा.

मी चाक काढलं. चाकाच्या खाचांमधून विटकरीच्या भुग्यासारखी लाल पूड फरशीवर सांडली. खाचा जवळजवळ सपाट झाल्या होत्या, थोड्या उरल्या होत्या त्याही सुरीसारख्या धारदार. आत काळ्या ग्रीसचा मागमूस नव्हता. आणि बाहेरच्या कडेला मी बोटानं फिरवलेलं ग्रीस तसंच होतं, काळंभोर, चकचकीत. बाईंनी ते बघितलं. मग आतलं बघितलं. मग पुन्हा बाहेरचं. मी रॉकेलचा डबा उगाच इकडून तिकडं ठेवला.

"काका, मी फोन केला तेव्हा तुम्हाला ठावं होतं?"

ग्रीसचं त्यांनी विचारलंच नाही. ते डोळ्यांसमोरच होतं. मी म्हणालो, "व्हय."

मी वाट बघत होतो की आता रागावतील, गाडी उचलून नेतील. मला ते चाललं असतं. त्या उठल्या, हात पुसले, आणि गाडी दुरुस्त झाली की सांगा एवढंच म्हणाल्या. दारातून वळून पुन्हा म्हणाल्या, "मग आपण खजुरीला जाऊ. हे मला सांगून उपयोग न्हाई."

दुरुस्तीला बावीस दिवस लागले. खाचा गेलेलं चाक मी नौबादच्या एका लेथवाल्याकडं नेलं. तो म्हणाला, उस्ताद, असले दात लेथवर निघत नाहीत, आणि निघाले तरी तुम्ही उद्या परत याल. मग मी बसनं हैदराबादला गेलो. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा बसच्या पोटाखालचा आवाज वर बसून लक्ष देऊन ऐकला. जुन्या बाजारात दोन दिवस हिंडल्यावर त्याच जातीचं एक वापरलेलं चाक मिळालं, खाचा शाबूत. डबीवरचे दात थोडक्यात वाचले होते. ते चाक मांडीवर घेऊन मी परत आलो. कंडक्टरनं चाकाचं वेगळं तिकीट मागितलं. मी दिलं.

बसवताना मी सगळं केलं. डबी उतरवली, शाफ्ट काढला, दोन्ही टोकं धुतली, ग्रीस लावलं. परत बसवायला चाळीस मिनिटं लागली. ज्या कामाच्या भीतीनं मी हे सगळं करून ठेवलं होतं ते काम चाळीस मिनिटांचं होतं. नट सैल ठेवले, आस आवळला, मग नट. सुमनला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, मला त्यातलं कळत नाही.

खजुरीला मी बाईंच्या मागं बसून गेलो. खजुरी तीन-चार किलोमीटर राहिली असताना एका जागी त्यांनी गाडीचा वेग कमी केला. तिथं रस्त्याच्या कडेला काहीच नव्हतं, तुरीची कापलेली खुंटं तेवढी होती. मग पुन्हा वेग घेतला.

म्हैस महानंदाअक्कांची. गावाच्या कडेला पत्र्याचं घर, दोन म्हशी, पलीकडं मळा. साठीच्या बाई, बोलण्यात निम्मं कानडी. नवरा सोलापूरला लेकाकडं गेला होता. डॉक्टरबाईंनी माझी ओळख गाडीचे मेस्त्री अशी करून दिली आणि म्हशीकडं बघायला गेल्या. मला एकट्याला ठेवायचं त्यांनी ठरवून आणलं असावं.

मी बोलायला सुरुवात केली ती शाफ्टपासून. दोन्ही हातांची बोटं गुंतवून दात कसे असतात ते दाखवलं, गंज कसा धरतो ते सांगितलं. अक्का ऐकत होत्या. चहा आला तरी मी दातांतच होतो. अक्कांनी कप माझ्या हातात दिला, त्यामुळं बोटं सोडवावी लागली. मग सांगण्यासारखी एकच गोष्ट उरली.

"अक्का, त्या दिवशी डॉक्टरबाईंना उशीर माझ्यामुळं झाला. काम केलं न्हवतं, आन् केलं म्हणून सांगितलं. फोनवर मला कळलं होतं, तरी त्यांना दुसरंच करत बसवलं."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं."

अक्कांनी गोठ्याकडं बघून डॉक्टरबाईंना हाक मारली आणि विचारलं की तुम्ही वीस मिनिटं आधी आला असता तर वगार वाचली असती का. डॉक्टरबाई तिथूनच म्हणाल्या, "सांगता येत न्हाई अक्का. पाय आत वळला होता. वाचलीही असती."

अक्कांनी मान हलवली. त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत, धीरही दिला नाही. चहा प्या म्हणाल्या. थोड्या वेळानं विचारलं की याआधी काय काम करत होता. मी सांगितलं. किती वर्षं, तर एकतीस. एरवी मी हा आकडा सांगताना थोडा सरळ बसतो.

"त्या गाड्यांत मी लई बसले," अक्का म्हणाल्या. "लेकीच्या गावाला जायला. त्या तरी उघडून बघत होता का, अण्णा?"

"तिथं फोरमन मागं उभा असायचा," मी म्हणालो. हे उत्तर मी अभिमानानं दिलं की लाजून, ते तेव्हाही समजलं नाही.

"मग बरं," अक्का म्हणाल्या.

मला वाटलं आता निघावं. तर अक्का म्हणाल्या की कडबा बारीक कापायचं कुट्टी यंत्र चार दिवसांपासून घुरघुर करतंय, आलाच आहात तर बघा. मला अंगणात यंत्राजवळ सोडून त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. डॉक्टरबाईंना तोवर शेजारच्या दोन घरांतून बोलावणं आलं होतं. मी आणि यंत्र, दोघंच उरलो.

बाहेरून तेल मारलं असतं तरी आवाज आठवडाभर बसला असता. मी गेअरपेटीचे चार बोल्ट सोडले. आत ग्रीसचा दगड झाला होता, त्यात कडब्याचा भुसा मिसळून. मळ्यातल्या इंजिनाचं थोडं डिझेल एका वाटीत मिळालं. मी सगळे दात एकेक करून धुतले, फडक्यानं पुसले, उन्हात धरून बघितले, एक बेअरिंग सैल होतं त्याखाली पत्र्याची पट्टी दिली, नवं ग्रीस भरलं, झाकण लावलं. दीड तास गेला. डॉक्टरबाई परत येऊन गाडीजवळ उभ्या होत्या. त्यांना पुढच्या गावाला उशीर होत होता, पण त्यांनी मला हाक मारली नाही. गुडघा दुखायला लागला होता. मनात मात्र बरं वाटत होतं. पहिल्यांदाच, मागं कोणी उभं नसताना आणि स्वतःचं बिघडवलेलं निस्तरायचंही नसताना, मी एक काम तळापासून केलं होतं. अक्कांनी माझ्यावर सोपवून दार लावून घेतलं, याचा मला अभिमानही वाटत होता.

बटण दाबलं. यंत्र नुसतं सूं करून फिरलं. आवाज ऐकून अक्का बाहेर आल्या, एक पेंढी घालून बघितली, आणि विचारलं की काय काय केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी थोडक्यात सांगितलं.

"उघडलं, धुतलं, ग्रीस भरलं."

"व्हय," अक्का म्हणाल्या. "खिडकीतनं बघायले होते मी."